राखीव खुर्ची आणि बोलण्याचे बळ

ग्रामपंचायतींच्या निवडणुका पार पडल्या, की तालुक्याच्या गावी नव्या महिला सरपंचांसाठी प्रशिक्षणवर्ग भरतात. पंचायत समितीच्या सभागृहात दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिले जाते आणि मग व्यासपीठावरून एक उपदेश हमखास ऐकू येतो : "भगिनींनो, तुमच्या ठायी आत्मविश्वास हवा. भीड सोडा, निर्भयपणे बोला." टाळ्या पडतात, चहा होतो आणि भगिनी संध्याकाळच्या एस.टी.ने आपापल्या गावी परततात. दुसऱ्या दिवशी त्यांपैकीच एखादी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसलेली असते. समोर ठरावाचे पुस्तक उघडून ठेवले जाते, एका ओळीवर बोट टेकते आणि आवाज येतो, "ताई, इथे सही करा." ती सही करते. आदल्या दिवशीचा उपदेश त्या क्षणी तिच्या काहीच कामी येत नाही. कारण भीड सोडून बोलायचे तरी कशाविषयी, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. त्या पुस्तकात काय लिहिले आहे हे तिने वाचलेले नसते आणि तिने ते वाचावे, अशी कोणाची अपेक्षाही नसते.

स्त्रियांच्या नेतृत्वाचा प्रश्न आपल्याकडे बहुधा असा स्वभावाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. बायका बुजऱ्या असतात, चारचौघांत त्यांचा आवाज फुटत नाही, घासाघीस करून आपले म्हणणे पदरात पाडून घेणे त्यांना जमत नाही, असे एकदा गृहीत धरले, की उपायही ठरून जातो. त्यांना धीर द्यावा, भाषण करायला शिकवावे, म्हणजे झाले! प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हे निदानच मुळात चुकले आहे. ज्याला आपण आत्मविश्वास म्हणतो, तो फार मोठ्या प्रमाणावर माहितीचा आणि सरावाचा परिणाम असतो. माहिती दडवून ठेवायची, सराव होण्याआधीच खुर्ची काढून घ्यायची आणि वर आत्मविश्वास नाही म्हणून स्त्रीलाच बोल लावायचा, हा न्याय नव्हे.

बाजारातली बाई, सभेतली बाई

आठवड्याच्या बाजारात जाऊन पाहावे. जी बाई ग्रामसभेत पदर सावरीत मागच्या रांगेत बसते, तीच बाई मिरचीच्या ढिगापुढे व्यापाऱ्याशी पाऊण तास हुज्जत घालते. कांदा काढणीच्या वेळी मजुरांच्या टोळीचा रोज ठरवताना, मुलीच्या लग्नात मानपानाची बोलणी करताना, बचत गटाच्या कर्जासाठी बँकेच्या साहेबांसमोर बसताना ती बोलते, अडून बसते आणि प्रसंगी उठून चालूही लागते. वाटाघाटींचे जे शास्त्र म्हणून आज मोठमोठ्या संस्थांतून शिकवले जाते, त्याचे सारे धडे तिने घेतलेले असतात. मग ग्रामपंचायतीच्या बैठकीत तिची वाचा का बसते?

याचे उत्तर साधे आहे. बाजारात तिला भाव ठाऊक असतो. शेजारच्या दुकानात मिरची काय दराने मिळते, आज माल किती आला आहे, आपण घेतली नाही तर व्यापाऱ्याला ती परत न्यावी लागेल की नाही, हे सर्व तिला माहीत असते. सभेत मात्र तिला कशाचाच भाव माहीत नसतो. रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक किती रकमेचे, त्याला मंजुरी कोणाची, पैसा कोणत्या निधीतून यायचा, ठराव नामंजूर झाला तर काय होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नसते. अशा स्थितीत गप्प बसणे हा भित्रेपणा नव्हे. ते शहाणपण होय. भाव ठाऊक नसताना पुरुषही गप्पच बसतो. फरक एवढाच, की पारावर, चहाच्या टपरीवर, तालुक्याच्या खेपांत भाव पुरुषाच्या कानांवर आपसूक पडत राहतो आणि स्त्रीला तेथे जाण्याची मुभा नसते.

परदेशांतील अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. स्त्रिया पगाराविषयी बोलणी करण्यास कचरतात, असा समज अमेरिकेतही आहे. आंद्रेयास लाइब्रांट आणि जॉन लिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नोकरीच्या जाहिराती देऊन तो तपासून पाहिला. वेतनाविषयी बोलणी करता येतील की नाही हे जाहिरातीत संदिग्ध ठेवले, तेव्हा पुरुष उमेदवार स्त्रियांपेक्षा अधिक प्रमाणात बोलणी करण्यास पुढे आले. बोलणी करता येतील असे स्पष्ट लिहिले, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे अडचण होती ती नियमाच्या संदिग्धतेची. जिथे नियम अंधारात असतात, तिथे धिटाईला भाव येतो. आणि धिटाई कोणाच्या अंगी यावी, हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

कायदा आणि कपाट

कायद्याने आपल्या बाजूने पुष्कळ केले आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९२ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा व पदे स्त्रियांसाठी राखीव झाली. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या तरतुदीची व्याप्ती कळते. इतक्या मोठ्या संख्येने स्त्रियांना अधिकारपदावर बसवणारा प्रयोग जगात क्वचितच झाला असेल. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा घेतली पाहिजे, असेही आपला कायदा सांगतो. पण बहुतेक गावांत ही महिलासभा कागदावरच भरते आणि कागदावरच संपते.

कारण कायदा खुर्चीपर्यंत नेतो. खुर्चीमागच्या कपाटाची किल्ली काही तो हातात देत नाही. आजच्या काळात तर ही किल्ली अक्षरशः किल्लीच झाली आहे. ग्रामपंचायतीच्या खात्यातील पैसे आता संगणकाद्वारे, सरपंच व ग्रामसेवक (ज्यांना अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी म्हटले जाते) यांच्या डिजिटल सहीने दिले जातात. ही सही बोटभर लांबीच्या एका उपकरणात साठवलेली असते. ते उपकरण सरपंचबाईंच्या कपाटात आहे, त्यांच्या यजमानांच्या खिशात आहे, की संगणक चालवणाऱ्या मुलाच्या खणात आहे, एवढा एकच प्रश्न विचारावा. गावाचा कारभार कोण चालवतो, याचा उलगडा लगेच होईल. पूर्वी निदान सही करण्यासाठी तरी बाईंना बोलवावे लागे. आता तेवढीही गरज उरलेली नाही.

'सरपंचपती' नावाची बिनपदाची पदवी आपल्या भाषेत रुळली, ती याच वाटेने. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०२३ मध्ये समिती नेमली. २०२५ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात पत्नीच्या जागी परस्पर कारभार करणाऱ्यांना जरब बसेल अशा शिक्षेची शिफारस आहे. ही शिफारस स्वागतार्ह आहे. पण केवळ शिक्षेने काम भागेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. यजमान कार्यालयातून बाहेर गेले, तरी जोवर भाव ठाऊक नाही, तोवर ती जागा यजमानांऐवजी दुसरा कोणीतरी भरून काढील.

येथे एक आक्षेप घेतला जातो. पतीने मदत केली तर बिघडले कोठे? पुरुष सरपंच तरी कोठे एकटे कारभार करतात? त्यांच्यामागेही एखादे दादा, अण्णा वा तालुक्याचे पुढारी असतातच. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारू नये. नवख्या स्त्रीला पहिल्या वर्षी घरातून मदत मिळाली, तर ती तिने जरूर घ्यावी. मात्र मदत आणि बदली यांतील सीमारेषा स्पष्ट असली पाहिजे. ग्रामसभेत कोणी उठून प्रश्न विचारला, की उत्तर कोण देते, ही ती सीमारेषा. घरी शंभरदा समजून घ्यावे. उत्तर मात्र तिने स्वतः द्यावे. अडखळत दिले तरी चालेल.

बोलणी करण्याची कला

मग प्रशिक्षणवर्गांत शिकवायचे तरी काय? धीट होण्याचा उपदेश बाजूला ठेवून काही अगदी साध्या सवयी शिकवाव्यात.

पहिली सवय म्हणजे न वाचता सही न करणे. "भाऊसाहेब, पुस्तक राहू द्या, वाचून उद्या सही करते," एवढे एकच वाक्य उच्चारण्यास फार मोठा धीर लागत नाही, पण त्या एका वाक्याने कार्यालयातील हवा पालटते. वाचता येत नसेल, तर "वाचून दाखवा" म्हणावे. निरक्षरता हा स्वाक्षरी गहाण टाकण्याचा करार नव्हे.

दुसरी सवय आकडा जवळ बाळगण्याची. एक उदाहरण पाहू. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालखंडासाठी पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता या कामांसाठी बांधून दिला. एखादा वजनदार सदस्य उठतो आणि गावाच्या वेशीवर भव्य कमान उभारण्याचा आग्रह धरतो. सरपंचबाईंना हा नियम ठाऊक नसेल, तर त्यांना वजनदार माणसाचा शब्द मोडल्याचा दोष पत्करावा लागतो किंवा मान तुकवावी लागते. नियम ठाऊक असेल, तर वादच उद्भवत नाही. "एवढी रक्कम पाण्यासाठी आहे, ती कमानीला लावता येत नाही, उरलेल्या रकमेत काय बसते ते आपण पाहू," असे त्या शांतपणे सांगू शकतात. नकार त्यांचा राहत नाही, नियमाचा होतो. आणि समोरच्याची प्रतिष्ठाही सांभाळली जाते. वाटाघाटींचे निम्मे यश समोरच्याला मान राखून मागे सरता येण्यात असते, हे लग्नाच्या बैठकीत मुरलेल्या आपल्या बायकांना वेगळे सांगावयास नको.

तिसरी सवय बैठकीपूर्वीच बैठक घेण्याची. मते सभेत मोजली जातात. पण जुळवली जातात ती आधी. कोणता सदस्य कशासाठी अडून बसणार, कोणाला वस्तीतला दिवा हवा आहे, कोणाला शाळेची भिंत, हे आधी घरोघरी जाऊन जाणून घेतले, तर सभेत ओरडण्याचा प्रसंग येत नाही. महिलासभेचा खरा उपयोगही येथेच आहे. ग्रामसभेच्या आधी शंभर बायकांनी एकत्र बसून नळाची वेळ बदलण्याची मागणी नक्की केली, तर सरपंचबाई सभेत एकट्या उरत नाहीत.

चौथी सवय इतिवृत्त तपासण्याची. सभेत ठरले एक आणि लिहिले गेले दुसरे, हा प्रकार नवा नाही. जे बोलले गेले ते हवेत विरते. जे लिहिले गेले त्यावर पैसा निघतो.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ठामपणे बोलणाऱ्या पुरुषाला 'करारी' म्हणतात आणि तितक्याच ठामपणे बोलणाऱ्या स्त्रीला 'आगाऊ'. हा दुजाभाव काल्पनिक नाही. स्वतःसाठी मागणी करणाऱ्या स्त्रीविषयी लोकांचे मत पुरुषाच्या तुलनेत अधिक वाईट होते, असे अमेरिकेतील प्रयोगांतही आढळले आहे. मात्र दुसऱ्यांच्या वतीने बोलणाऱ्या स्त्रिया अधिक जोमाने बोलणी करतात, असेही दिसून आले. सरपंच ही सदैव गावाच्या वतीनेच बोलत असते. हे तिचे बळ आहे आणि ते तिने जाणून वापरावे.

शिकायला वेळ लागतो

महाराष्ट्राला हे सारे नवे आहे, असे मुळीच नाही. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या, त्या काही एका रात्रीत आलेल्या नव्हत्या. दोघींनीही मुंबई महानगरपालिकेत वर्षानुवर्षे काम केले होते. उपनगरांतील पाण्याच्या प्रश्नावर चिकाटीने लढून मृणालताईंनी 'पाणीवाली बाई' हे नाव मिळवले. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया एका समितीत एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यामागे या दोघींची संघटनशक्ती होती. लाटणे सर्वांच्या लक्षात राहिले. पण मतभेद असलेल्या पक्षांना एका मागणीवर एकत्र आणण्यासाठी आधी जी बोलणी करावी लागतात, ती वर्षांच्या सरावाशिवाय साधत नाहीत, हे आपण विसरलो.

आज आपण सरपंचबाईंना किती सराव देतो? सरपंचपदाचे आरक्षण सोडतीने फिरते. पहिले वर्ष कार्यालय समजून घेण्यात जाते, दुसरे माणसे ओळखण्यात; कारभारावर मांड बसेपर्यंत मुदत सरत आलेली असते आणि पुढील सोडतीत पद दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते. शिकलेले सारे तेथेच थांबते. पुढच्या वेळी नवी बाई, नवा प्रशिक्षणवर्ग आणि तोच आत्मविश्वासाचा उपदेश!

ही केवळ हळहळ नव्हे. पश्चिम बंगालमधील ग्रामपंचायतींचा एक गाजलेला अभ्यास लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे, पेटिया टोपालोव्हा प्रभृतींनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्यांदा आलेल्या स्त्री-प्रधानाला गावकरी पुरुषापेक्षा कमी गुण देत. पण गावाने दुसऱ्यांदा स्त्रीचा कारभार अनुभवला, की हा आकस ओसरत असे आणि त्यानंतर खुल्या जागांवरही स्त्रिया अधिक संख्येने उभ्या राहत व निवडून येत. आपल्या मुंबईचाही पुरावा आहे. महानगरपालिकेचे जे प्रभाग १९९७ मध्ये स्त्रियांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, तेथे स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती, असे रिखिल भवनानी यांना आढळले. याचा अर्थ असा, की स्त्रीच्या कारभाराची सवय जशी स्त्रीला व्हावी लागते, तशीच ती गावालाही व्हावी लागते. आणि सवयीला काळ हा लागतोच.

गावाला ही सवय नसते, तेव्हा काय घडते, हे जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या प्रकरणाने दाखवून दिले. तेथील महिला सरपंचांना, सरकारी जागेवरील अतिक्रमित घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवण्यात आले होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एक स्त्री निवडून आली आणि तिचे निर्णय आपल्याला मानावे लागणार, हे गावकऱ्यांना पचनी पडले नाही, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले आणि अधिकाऱ्यांनी आरोपांची नीट शहानिशा न केल्याबद्दल कानउघाडणीही केली. सरपंचपद टिकवण्यासाठी खेड्यातील स्त्रीला दिल्लीपर्यंत जावे लागावे, ही गोष्ट भूषणावह नाही. पण ती गेली, हे मात्र विसरता कामा नये. तिला आत्मविश्वास कोणत्या शिबिरात मिळाला असेल?

आपले कर्तव्य

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. सरपंचपदाचे आरक्षण एका गावात सलग दोन मुदतींसाठी ठेवण्याचा शासनाने गांभीर्याने विचार करावा. त्यामुळे अन्य इच्छुकांना पाच वर्षे अधिक थांबावे लागेल, हे खरे. पण शतकानुशतके थांबलेल्यांच्या तुलनेत ही प्रतीक्षा फार मोठी नव्हे. प्रशिक्षण एका दिवसाच्या सोहळ्याचे न राहता वर्षभर चालावे आणि त्यात भाषणांऐवजी अंदाजपत्रक, ठरावपुस्तक व बँकेचे खातेपुस्तक वाचावयास शिकवावे. मुदत पूर्ण केलेल्या अनुभवी महिला सरपंचांनाच शिक्षिका म्हणून बोलवावे. त्यांच्याइतके जाणते शिक्षक दुसरे नाहीत. डिजिटल सहीचे उपकरण सरपंचाच्याच ताब्यात आहे ना, याची तपासणी गटविकास अधिकाऱ्यांनी करावी.

राहिला प्रश्न तुम्हा-आम्हा सुशिक्षितांचा. हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकजण शिक्षक आहेत, कार्यालयांतील कर्मचारी आहेत, कित्येकांचे घर खेड्यात आहे. "ताई, इथे सही करा," असे म्हणणारा आवाज पुष्कळदा आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो. त्यात दुष्ट हेतू असतोच असे नाही. काम लवकर उरकावे, एवढीच इच्छा असते. पण त्या घाईत आपण एका माणसाचा अधिकार काढून घेत असतो. सहीपूर्वी पाच मिनिटे थांबून ठराव वाचून दाखवला, आकड्यांचा अर्थ सांगितला, तर आपले फारसे काही जाणार नाही. गावाकडे सुटीत जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या आईला वा मावशीला महिलासभा केव्हा आहे, एवढे जरी विचारले, तरी कागदावरची सभा जमिनीवर येण्यास आरंभ होईल.

हीच गोष्ट शाळेतील मुख्याध्यापिकेला आणि कचेरीतील महिला अधिकाऱ्यालाही लागू आहे. तिला उपदेश नको. सेवानियम, फाइल आणि काम शिकण्यापुरता वेळ हवा. भाव ठाऊक झाला, की आवाज आपोआप चढतो. आपल्या बायकांना बोलता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा आठवड्याच्या बाजारात जाऊन यावे आणि मग आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटाची किल्ली कोठे असते, याची चौकशी करावी.